पिंजऱ्यात जन्मलेला लिंक्स रानात तगतो कसा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्पेनमध्ये २००२ साली आयबेरियन लिंक्स शंभरही उरले नव्हते, आता दोन हजारांच्या वर आहेत, असं वाचलं. प्रजनन केंद्रात जन्मलेली पिल्लं रानात सोडतात म्हणे. पण माणसाने पोसलेलं जनावर शिकार कशी करणार? त्याला शिकवतं कोण? आणि हे खरंच जमत असेल, तर आपल्याकडच्या कॅराकलसाठी असं केंद्र का काढत नाहीत?"

लिंक्स म्हणजे कानांवर केसांचे झुपके असलेलं, आखूड शेपटीचं मध्यम आकाराचं रानमांजर, आणि कॅराकल हे आपल्याकडचं तसंच झुपकेदार कानांचं रानमांजर. मी वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, काही वर्षं लिंक्सच्या कामात होते. सोडण्याआधीची तपासणी आणि सोडल्यानंतर गळ्यातल्या कॉलरकडून येणाऱ्या संदेशांवरून माग काढणं, ही दोन्ही कामं मी केली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हा विषय पहिल्यांदा ऐकणारा बहुतेक प्रत्येक जण शिकारीपाशीच अडतो, आणि ते साहजिक आहे. पण या कामात शिकार हा त्यातल्या त्यात सोपा भाग. ज्यावर वर्षानुवर्षं डोकं चालवावं लागतं तो प्रश्न वेगळा: सोडलेलं जनावर सोडलं तिथे टिकेल का, तिथली मादी पुढच्या वर्षी तिथेच विणार का, आणि ती पिल्लं मोठी व्हायला त्या भागात सुरक्षित जागा उरली आहे का?

हे मी का म्हणते ते आकड्यांतूनच पाहा. २००२ च्या गणनेत चौऱ्याण्णवच्या आसपास लिंक्स उरले होते, आणि तेही दोनच ठिकाणी. एक, समुद्राकाठचं दोन्याना राष्ट्रीय उद्यान. दुसरं, सिएरा मोरेना डोंगररांगेतला आंदुखार आणि कार्देन्या यांच्या आसपासचा टापू. पोर्तुगालमधून तो संपल्यातच जमा होता. पुढच्या दहाएक वर्षांत आंदालुसियातली संख्या तीनशेच्या घरात गेली. केंद्रात जन्मलेली जनावरं रानात सोडायला सुरुवात झाली २०११ साली. म्हणजे पहिली तिप्पट वाढ झाली ती मुख्यतः रानातल्याच जनावरांच्या जोरावर. ससे वाढवले, फासे काढले, जमीनमालकांशी करार केले, आणि उरलेल्या माद्यांनी बाकीचं काम केलं. २०१० ते २०२४ या काळात चारशेहून थोडे अधिक लिंक्स नव्या जागी सोडले गेले. २०२४ च्या गणनेत स्पेन आणि पोर्तुगाल मिळून २,४०१ लिंक्स मोजले. त्यातले बहुसंख्य रानात, कुठल्या तरी झुडपाच्या बुडाशी किंवा खडकाच्या कपारीत जन्मलेले आहेत. केंद्राने ठिणगी टाकली हे खरं, पण ती ठिणगी पडली ती आधी तयार केलेल्या भूमीवर.

आता तुमच्या शिकारीच्या प्रश्नाकडे येते.

केंद्रातली पिल्लं शक्यतो आईच वाढवते. माणूस बाटलीने दूध पाजतो ते नाइलाज असेल तेव्हाच, आणि अशी पिल्लं सोडण्यासाठी सहसा निवडली जात नाहीत. केंद्रातली पहिली वीण २८ मार्च २००५ रोजी दोन्यानातल्या एल आसेबुचे केंद्रात झाली. सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली. दीडेक महिन्यांची झाल्यावर त्यांच्यात एवढी जबर झुंज झाली की एक पिल्लू मेलं. या वयात भावंडं एकमेकांच्या जिवावर उठतात हे तेव्हा कळलं. तेव्हापासून त्या आठवड्यांत कॅमेऱ्यावर रात्रंदिवस नजर ठेवतात आणि झुंज लागली की पिल्लं तात्पुरती वेगळी करतात. केंद्राचा खरा खर्च आणि खरी दगदग अशा गोष्टींत असते. शिकार 'शिकवण्या'साठी वेगळं काही फार करावं लागत नाही.

पिल्लं थोडी मोठी झाली की त्यांना मोठ्या आवारात ठेवतात. तिथे गवत, झुडपं, लपायला ओंडके असतात. जिवंत ससे आत सोडतात, पण माणूस न दिसता. ससा कुठून आला हे लिंक्सला कळता कामा नये, कारण 'माणूस आला की खाणं आलं' हे एकदा डोक्यात बसलं तर ते जनावर सोडण्याच्या कामाचं राहत नाही. दबा धरणं, झेप घेणं, मानेचा चावा घेणं हे मांजरकुळाच्या रक्तातच असतं. आईला पाहून आणि स्वतः चुकत चुकत त्यात सफाई येते. माझ्या अनुभवात दहा महिन्यांचा निरोगी लिंक्स सशाला चुकतो कमी आणि पकडतो जास्त.

ज्याची आम्ही काटेकोर परीक्षा घेत असू ती माणसाच्या भीतीची. आवाराबाहेरून माणूस चालत गेला तर जनावर काय करतं? आडोशाला जातं, की कुतूहलाने पुढे येतं? पुढे येणारं जनावर कितीही चपळ शिकारी असलं तरी माझा कौल त्याच्या विरोधात असे. शिकारीत थोडं कच्चं असलेलं जनावर रानात पंधरा दिवसांत तयार होतं. माणसाला न घाबरणारं जनावर मात्र रस्त्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा कुणाच्या बंदुकीसमोर जाऊन संपतं.

सोडण्याचं वयही रानातल्या रीतीवरून ठरलं आहे. पिल्लं साधारण मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात आणि वर्षाच्या आसपास आईचा मुलूख सोडून स्वतःची जागा शोधायला निघतात. केंद्रातली पिल्लंही साधारण त्याच वयाची असताना, हिवाळ्याच्या अखेरीला सोडतात. रानातला त्यांच्या वयाचा लिंक्सही तेव्हा अनोळखी मुलखात एकटाच भटकत असतो. त्या अर्थाने दोघांची सुरुवात फार वेगळी नसते.

शिकारीचं कौशल्य हाच कळीचा मुद्दा असता, तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९९९ साली जे घडलं ते घडलं नसतं. तिथे कॅनडा लिंक्स परत आणायचा होता. आणलेली जनावरं रानातून पकडलेली, जन्मजात शिकारी. तरीही पहिल्या तुकडीतली काही जनावरं सोडल्यावर थोड्याच आठवड्यांत उपाशी मेली. अनोळखी डोंगर, कडक थंडी, प्रवासाने खंगलेलं शरीर. मग पद्धत बदलली. जनावरं जास्त दिवस ठेवून घेऊन, भरपूर खाऊ घालून, वसंतात सोडायला लागले. तेव्हापासून ती तगायला लागली. २००६ पर्यंत २१८ लिंक्स सोडले आणि पुढे २०१० मध्ये ती मोहीम यशस्वी म्हणून जाहीर झाली. जनावर तेच, कौशल्य तेच. कधी सोडलं आणि अंगात किती बळ असताना सोडलं, यावर निकाल फिरला.

आयबेरियन लिंक्सच्या बाबतीत निकाल ठरवतो तो ससा. या प्राण्याच्या आहारात दहातले आठ-नऊ घास सशाचे असतात. एकट्याला दिवसाला साधारण एक ससा पुरतो, पिल्लंवाल्या मादीला तीनेक लागतात. तिथला ससा आपल्या रानसशासारखा नाही. तो जमिनीत बिळं खणून वसाहती करून राहतो, त्यामुळे जिथे असतो तिथे दाटीने असतो आणि जिथून गेला तिथून पार जातो. १९५२ साली फ्रान्समध्ये एका डॉक्टरने आपल्या इस्टेटीवरचे ससे कमी करायला मिक्सोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू सोडला. तो रोग लगेचच स्पेनमध्ये उतरला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला सशांमध्ये रक्तस्रावी तापाची साथ आली, आणि २०११ च्या सुमारास त्याच विषाणूचा नवा प्रकार आला, जो लहान पिल्लांनाही मारतो. लिंक्स जो घटत गेला त्यात बंदूक आणि फासे होतेच. १९५३ पासून स्पेनमध्ये 'उपद्रवी' जनावरं मारायला सरकारी बक्षीस होतं, आणि लिंक्सला कायद्याचं संरक्षण मिळालं ते थेट १९७३ साली. पण ससा गेला नसता तर एवढी वेळ आली नसती.

त्यामुळे एखादी जागा निवडताना सगळ्यात आधी ससे मोजतात, आणि हे काम अजिबात दिमाखदार नाही. ठरलेल्या वाटेवरून चालायचं आणि सशांच्या लेंड्यांचे ढीग मोजायचे. उन्हाळ्याअखेरच्या टंचाईतही हेक्टरी किमान एक ससा आणि वसंतातल्या भरात हेक्टरी चारच्या वर, असा ढोबळ हिशोब धरतात. तोही एखाद्या कोपऱ्यात चालत नाही, सलग हजारो हेक्टरांवर लागतो. चांगल्या जागी एका मादीला पाचेक चौरस किलोमीटर पुरतात. ससे विरळ असले की तोच मुलूख कितीतरी पसरतो, आणि मुलूख पसरला की तिला रस्ते ओलांडावे लागतात. रोपवाटिकेतलं रोप कितीही तरतरीत असलं तरी मुरमाड जमिनीत ते धरत नाही, तसंच हे आहे.

आता माणसांबद्दल. हा भाग बाहेरच्यांना कमी दिसतो, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे. लिंक्सची बरीचशी जमीन खासगी आहे, आणि त्यातली बरीच शिकारीच्या इस्टेटींची. मालकाचं उत्पन्न ससे, तित्तिर आणि हरणांच्या शिकारीवर असतं. त्याला जाऊन 'तुमचे ससे खाणारं जनावर सोडतो' असं सांगायचं, म्हणजे तो दार लावून घेणार हे उघड आहे. त्याचं मन वळलं ते कशाने? पुष्कळ ठिकाणी कराराने: तुम्ही ससे राखा, आम्ही बिळं बांधून देतो, झुडपं सावरतो, पाणवठे करतो. पण सगळ्यात जास्त काम केलं ते कोल्ह्याने. लिंक्स आपल्या मुलखात कोल्हा आणि मुंगूस टिकू देत नाही, मारतो किंवा हुसकावतो. आंदालुसियाच्या उत्तरेला लागून असलेल्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या मातातचेल खोऱ्यात लिंक्स सोडण्यापूर्वी आणि नंतर मोजदाद केली, तेव्हा लिंक्स रुळलेल्या भागात हे छोटे शिकारी साधारण ऐंशी टक्क्यांनी घटलेले दिसले. सगळे शिकारी मिळून जेवढे ससे खात होते, तेही निम्म्याहून कमी झाले. एक मोठा शिकारी आल्यावर ससे वाढतात, हे इस्टेटीच्या मालकाला व्याख्यानाने पटत नाही. शेजारच्या इस्टेटीवर दिसलं की पटतं. मी ज्यांच्याशी बोलायला जात असे, त्यांतले काही म्हातारे मालक लिंक्सचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. पुढे तेच लोक आपल्या रानातल्या मादीला किती पिल्लं झाली हे फोन करून सांगायला लागले. तो फोन आला की मी त्या जागेबद्दल निश्चिंत होत असे, मग उपग्रहाचा नकाशा काहीही दाखवो.

कोंबड्यांचं नुकसान होतं का? होतं. खुराडं पक्कं करून दिलं आणि भरपाई वेळेवर दिली तर ते निभतं. उशीर झाला की गावात नाराजी पसरते आणि ती लिंक्सच्या नावावर जमा होते.

रस्ते हे आजचं सगळ्यात मोठं दुखणं. २०२३ साली १४४ लिंक्स गाड्यांखाली मेल्याची नोंद आहे, आणि त्या वर्षी नोंदलेल्या मृत्यूंतला तो फार मोठा वाटा होता. संख्या वाढली की तरुण जनावरं लांब जातात, आणि लांब जाणारं जनावर महामार्गाला भिडतंच. केन्तारो नावाचा नर मध्य स्पेनमधल्या तोलेदोच्या डोंगरात सोडला होता. तो हजारो किलोमीटर भटकत स्पेनच्या उत्तरेत आणि तिथून पोर्तुगालच्या उत्तरेत गेला, आणि २०१६ मध्ये तिथल्याच एका महामार्गावर मेला. लितियो नावाचा दुसरा एक २०१८ मध्ये थेट बार्सिलोनाजवळ सापडला, जिवंत आणि धडधाकट. भटकंतीत खायला मिळवणं या दोघांनाही जमलं होतं, आणि दोघंही केंद्रात जन्मलेले होते. तुमच्या मूळ शंकेला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. केन्तारोला कमी पडला तो सुरक्षित रस्ता. म्हणून आता कुंपणं, रस्त्याखालून जाणारे मार्ग, वेगमर्यादा आणि कडेची झुडपं साफ ठेवणं यांवर केंद्रांइतकाच जोर द्यावा लागतो. माझ्या मते त्याहून जास्त द्यायला हवा.

डॉक्टर म्हणून रोगाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. २००७ मध्ये दोन्यानात मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू शिरला आणि काही लिंक्स दगावले. हा रोग पाळीव किंवा भटक्या मांजरांकडून येतो. इतक्या छोट्या वस्तीत तो पसरला असता तर सगळंच संपलं असतं. तेव्हा रानातली जनावरं पकडून तपासली, निरोगी जनावरांना लस टोचली. आता सोडण्यापूर्वी प्रत्येकाचं रक्त तपासतात, लस देतात, चिप आणि कॉलर घालतात. लोकांना हे दफ्तरी काम वाटतं, पण माझ्या लेखी एखादं जनावर सोडायला चार दिवस उशीर झालेला परवडतो, तपासणी अर्धवट राहिलेली परवडत नाही.

रक्ताच्या नात्याचाही प्रश्न आहे. दोन्याना आणि सिएरा मोरेना या दोन वस्त्या दीर्घकाळ एकमेकींपासून तुटल्या होत्या, म्हणून २००७ पासून सिएरा मोरेनातले नर दोन्यानात नेऊन सोडले. केंद्रातही जोड्या लावताना दोन्हीकडचं रक्त मिसळतात. हे न केल्यास काय होतं ते स्लोव्हेनियात दिसलं. १९७३ मध्ये तिथे स्लोव्हाकियातून सहाच युरेशियन लिंक्स आणून सोडले. सुरुवातीला वस्ती झपाट्याने वाढली, मग आप्तसंबंधातल्या विणींमुळे खालावली, आणि चार दशकांनंतर रुमानिया व स्लोव्हाकियातून पुन्हा नवी जनावरं आणावी लागली.

काही गोष्टींना सरसकट उत्तर नाही. उदाहरणार्थ, जागेवरच कुंपण घातलेल्या आवारात काही आठवडे ठेवून मग दार उघडायचं, की खोका उघडून थेट सोडायचं? नव्या जागी, जिथे एकही लिंक्स नाही, तिथे पहिल्या जोड्यांसाठी मी आवाराच्या बाजूने आहे. पोर्तुगालमध्ये मेर्तोलाजवळ २०१४ च्या डिसेंबरात काटमांडू आणि जाकारांदा ही पहिली जोडी अशाच आवारात ठेवून मग मोकळी केली होती. एकदा तिथे वस्ती झाली, वास आणि खुणा आल्या, की नवीन जनावर त्या पाहून आपोआप थबकतं. मग थेट सोडलेलं चालतं, खर्चही वाचतो. ससे दाट असतील तर दोन्ही पद्धती चालतात. ससे नसतील तर एकही चालत नाही.

आणि तयारीशिवाय सोडलं तर काय होतं? जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरात कुणीतरी चोरून चार लिंक्स सोडले. काही दिवसांत चारही पकडले गेले, त्यातला एक लगेच मेला. ज्यांनी हे केलं त्यांना लिंक्सबद्दल प्रेम असेलही. पण त्याने तिथल्या शेतकऱ्यांचा विश्वास मागे गेला, आणि जे लोक वर्षानुवर्षं कायदेशीर मार्गाने बोलणी करत होते त्यांचं काम जड झालं. मला त्या मेलेल्या जनावराचं जितकं वाईट वाटलं तितकंच याचंही.

थोडक्यात, पिंजऱ्यात जन्मलेला लिंक्स शिकार करतो, त्याची काळजी नको. त्याला माणसाची भीती असावी, अंगात बळ असावं, रक्त तपासलेलं असावं. सोडायच्या जागी ससे, झुडपं, राजी असलेले मालक आणि ओलांडता येणारे रस्ते असावेत. २०२४ मध्ये पिल्लं झालेल्या माद्या ४७० मोजल्या गेल्या, आणि मी एकूण संख्येपेक्षा याच आकड्याकडे पाहते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने लिंक्सला 'संकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'असुरक्षित' वर्गात आणलं. म्हणजे धोका घटला आहे, टळलेला नाही.

आता कॅराकल. केंद्र हा लिंक्सच्या कहाणीतला सर्वांत दिसणारा भाग, म्हणून आपल्याकडे 'आधी केंद्र काढा' ही मागणी होते. माझं म्हणणं उलट क्रमाचं आहे. आज कॅराकलच्या खात्रीच्या नोंदी मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातून येतात, तेव्हा उरलेल्यांना तिथेच जपणं आधी. तो एकट्या सशावर अवलंबून नाही. उंदीर, पक्षी, ससे असं मिळेल ते खातो. म्हणून त्याच्यासाठी एखादी शिकार मोजून भागणार नाही. त्याला लागणारं खुरटं रान आणि गवताळ माळ सरकारी कागदावर बऱ्याचदा 'पडीक' म्हणून लिहिलेले असतात आणि तिथे आधी रस्ते, कुंपणं, प्रकल्प येतात. महाराष्ट्रातले माळही याच यादीत आहेत. तुम्हाला यात काही करायचं असेल, तर आपल्या तालुक्यातल्या माळावर खोकड, रानमांजर, ससे, माळढोकापासून तित्तिरापर्यंतचे पक्षी यांच्या नोंदी वर्षभर ठेवा, रस्त्यावर मेलेली जनावरं जागा आणि तारखेसह टिपा, आणि त्या नोंदी वनखात्याला लेखी द्या. स्पेनमध्ये लिंक्ससाठी ज्या जागा निवडल्या गेल्या, त्यांचा पहिला कागद अशाच चालून केलेल्या नोंदींचा होता.